अळी काय खाते?

२४ ऑगस्ट २०२१ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयानं एक अधिसूचना काढली आणि बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. ही पेंड जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. तसलं सोयाबीन पेरायला आपल्याकडं परवानगी नाही, पण तेल काढून घेतलेला भुगा काही उगवत नाही, या युक्तिवादावर दार उघडलं गेलं. माल उतरणार होता न्हावा शेवा बंदरात आणि बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावर. त्या पावसाळ्यात लातूर-अकोल्याकडं सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि सोयापेंड टनाला नव्वद हजारांच्या आसपास. कोंबडीवाले म्हणत होते, या भावात पक्षी जगवायचे म्हणजे रोज पदरचे पैसे घालायचे. सोयाबीनवाले म्हणत होते, इतक्या वर्षांनी एकदा भाव मिळाला, तोही तुम्ही आयातीनं पाडणार का? दोघांचंही खरं होतं.

तीन वर्षांनी पारडं फिरलं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारातला भाव चार हजारांच्या आसपास, हा प्रचाराचा मुद्दा झाला. त्यात मक्यापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. त्यांचा वाळवलेला चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, पोल्ट्रीच्या खाद्यात पेंडीच्या जागी शिरला, आणि त्याच कारखान्यांनी मका उचलल्यामुळं मका महाग झाला. म्हणजे एका गोणीतला एक जिन्नस स्वस्त आणि दुसरा महाग, आणि दोन्हींच्या भावावर कोंबडीवाल्याचा काडीचाही ताबा नाही.

पोल्ट्रीत शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले साठ ते सत्तर खाद्याचे असतात. पिल्लू, लस, औषध, वीज, मजुरी, शेडमध्ये पसरायचं तूस, सगळं उरलेल्या तीस-चाळिसांत. खाद्यात ऊर्जेसाठी मका आणि प्रथिनासाठी सोयापेंड, हा जोडा गेली कित्येक वर्षं पक्का आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं मोजली गेली आणि २०२३-२४ मध्ये अंड्यांचं उत्पादन १४,२७७ कोटींवर गेलं. एवढा सगळा डोलारा मुख्यतः दोन पिकांवर उभा आहे. नाशिककडचा एक लेअरवाला, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारा, शेतकरी शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, “अंड्याचा रेट रोज सकाळी मोबाईलवर येतो, साहेब. खाद्याचा रेट आम्हाला कोणी विचारून वाढवत नाही. मधल्यामध्ये आम्ही.”

या ओढाताणीत गेल्या काही वर्षांत तिसरं एक नाव ऐकू येतंय: अळी. माशीच्या अळ्या वाढवायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि पेंडीऐवजी खाद्यात मिसळायच्या. समाजमाध्यमांवर याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. “कचऱ्यातून सोनं”, “महिन्याला लाखो”, असे मथळे असतात. शेतकऱ्याला लाखोंचं आमिष दाखवणाऱ्या आपल्याकडच्या योजनांचा इतिहास, इमू पालनापासून पुढचा, लोकांच्या लक्षात आहे. त्यामुळं या अळीकडं थोडं जवळून बघायला हवं. चमत्कार म्हणून तिच्याकडं बघण्यात अर्थ नाही आणि किळस येते म्हणून तोंड फिरवण्यातही नाही.

किळस आपल्याला येते, कोंबडीला नाही. उकिरडा उकरणारी गावरान कोंबडी दिवसभर काय शोधते, हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पेरणीपूर्वी नांगर चालतो तेव्हा बगळे-साळुंक्या मागोमाग येतात, आणि जवळ वस्ती असेल तर कोंबड्याही. हुमणीची पांढरी जाड अळी दिसली की त्यांच्यात मारामारी होते. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासो आणि घानासारख्या देशांत, शेतकरी वाळवीच्या वारुळावर शेण-काडीकचरा भरलेलं मडकं उपडं ठेवतात आणि सकाळी त्यात जमलेली वाळवी पिल्लांपुढं झाडतात. पाळीव कोंबडीचा पूर्वज, लाल रानकोंबडा, बी-बियाण्यांबरोबर किडेही खातच आला आहे. आणि आपल्या शहरांतल्या दुकानांत अंड्यांच्या खोक्यावर “शंभर टक्के शाकाहारी खाद्य” असं अभिमानानं छापलेलं असतं. गिऱ्हाईकाला शाकाहारी कोंबडी हवी आहे. कोंबडीचं मत कुणी घेतलेलं नाही.

* * *

ज्या माशीची सगळीकडं चर्चा आहे तिचं नाव ब्लॅक सोल्जर फ्लाय. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. ते १७५८ मध्ये लिनियसनं दिलं. मूळची अमेरिका खंडातली, पण आता जगातल्या बहुतेक उष्ण भागांत, आपल्याकडंही, आढळते. काळी, लांबट, बघणाऱ्याला गांधीलमाशी वाटावी अशी. पोटाच्या वरच्या भागात दोन पारदर्शक खिडक्या असतात. ती चावत नाही, नांगी मारत नाही. मोठी माशी दोन आठवड्यांच्या आसपास जगते आणि त्या काळात अळीपणी साठवलेल्या चरबीवरच तिचं मुख्यतः भागतं. त्यामुळं आपल्या ताटावर बसायचं तिला कारण नसतं. घरमाशी आणि हिच्यात हाच मोठा फरक आहे. गच्चीवर भाजीपाला करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कित्येकांनी हिच्या अळ्या पाहिल्या आहेत: कंपोस्टच्या डब्याचं झाकण उघडलं की वळवळणाऱ्या जाड, करड्या अळ्या. बहुतेकजण घाबरून चुना नाहीतर कडुनिंबाची पेंड टाकतात.

मादी एका वेळी साधारण पाचशेच्या पुढं अंडी घालते, आणि तीही कुजक्या पदार्थात नाही, त्याच्या शेजारच्या कोरड्या फटीत. म्हणून पाळणारे लोक लाकडाच्या दोन फळ्या एकमेकींवर बांधून किंवा पुठ्ठ्याचे तुकडे लावून ठेवतात आणि फटींतून अंडी खरवडून घेतात. एक ग्रॅम अंड्यांत पस्तीस ते चाळीस हजार अळ्या असतात. चारेक दिवसांत अंडी फुटतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत अळीचं वजन हजारो पटींनी वाढतं. पूर्ण वाढली की ती काळपट होते, खाणं सोडते आणि ओल्या घाणीतून बाहेर पडून कोषासाठी कोरडी जागा शोधत चालू लागते. टाकीला तिरका चढ करून दिला की त्या रांगेनं चढून वर येतात आणि पलीकडच्या बादलीत पडतात. पीक स्वतःच्या पायांनी गोदामात चालत येतं, असं शेतीत दुसरीकडं कुठं घडत नसावं.

वाळवलेल्या अळीत प्रथिन साधारण चाळीस टक्के आणि चरबी पंचवीस ते पस्तीस टक्के. चरबी पिळून काढली की उरलेल्या भुग्यात प्रथिन पंचावन्न-साठ टक्क्यांपर्यंत जातं; सोयापेंडीत ते पंचेचाळीसच्या आसपास असतं. मात्र या आकड्यात एक गोम आहे. प्रथिन मोजताना प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. अळीच्या सालीतल्या कायटिनमध्येही नत्र असतं, पण ते प्रथिन नव्हे. म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अळीसाठी ४.७६ हा गुणक सुचवला. जाहिरातीत पंचेचाळीस टक्के लिहिलेलं दिसलं तर कुठल्या गुणकानं, हे विचारावं.

कल्पना नवी नाही. १९७३ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ओ. एम. हेल यांनी सोयापेंडीऐवजी वाळवलेल्या अळ्या पिल्लांना देऊन पाहिल्या. पिल्लांचं वजन सोयावरच्या पिल्लांच्या ९६ टक्के वाढलं आणि खाद्य मात्र त्यांनी ९३ टक्केच खाल्लं. निकाल वाईट नव्हता, पण त्या काळी सोयाबीन स्वस्त होतं आणि कुणाला घाई नव्हती. जॉर्जिया विद्यापीठाचे क्रेग शेपर्ड वेगळ्याच कारणानं या माशीकडं वळले. पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांखाली विष्ठेचा ढीग साचतो आणि त्यात घरमाश्या माजतात. जिथं या काळ्या माशीच्या अळ्या दाट झाल्या तिथं घरमाशी जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि विष्ठेचा ढीग निम्म्यावर आला. अडचण एकच होती. ही माशी बंदिस्त जागेत जोडा जमवत नव्हती, तिला ऊन लागतं. शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हातल्या हरितगृहात तिची पैदास वर्षभर चालू ठेवायची रीत २००२ मध्ये प्रसिद्ध केली. आज जगभर चाललेला हा सगळा उद्योग त्या रीतीवर उभा आहे.

* * *

युरोपात अडथळा कायद्याचा होता. ‘मॅड काऊ’ रोगाच्या धक्क्यानं २००१ पासून पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राण्यांपासून केलेलं प्रथिन घालायला बंदी आली आणि अळीही त्यात सापडली. २०१७ मध्ये युरोपीय संघानं मत्स्यशेतीसाठी सात कीटकांना मोकळीक दिली आणि सप्टेंबर २०२१ पासून कोंबड्या-डुकरांसाठीही. योगायोग बघा, आपल्याकडं सोयापेंडीच्या आयातीवरून भांडण चालू होतं तेच दिवस. नेदरलँड्समध्ये बर्गन ऑप झूम गावी प्रोटिक्स कंपनीचा कारखाना २०१९ मध्ये खुद्द राजाच्या हस्ते सुरू झाला होता. फ्रान्सच्या इन्सेक्ट कंपनीनं पिवळ्या मीलवर्म नावाच्या अळ्यांसाठी आमिआंजवळ मोठा उभा कारखाना बांधला आणि गुंतवणूकदारांकडून साठ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली.

ती इन्सेक्ट बुडाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिनं न्यायालयाचं संरक्षण मागितलं आणि २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. कारणं अनेक सांगितली गेली: वीज महागली, कारखाना वेळेवर पूर्ण क्षमतेनं चालला नाही, व्याजदर चढले. माझ्या मते त्याहून जुनं एक कारण पायातच होतं. मीलवर्मला गव्हाचा कोंडा लागतो, आणि गव्हाचा कोंडा गायही खाते, डुक्करही खातं. जे जनावर थेट खाऊ शकतं ते आधी अळीला खाऊ घालायचं, अळी उबेत ठेवायची, मारायची, वाळवायची, दळायची आणि मग जनावरापुढं ठेवायची. मधल्या प्रत्येक पायरीला पैसे जातात. राबोबँकेनं २०२१ च्या आपल्या अहवालात कीटकांच्या भुग्याचा भाव टनाला साडेतीन ते साडेपाच हजार युरो सांगितला होता. सोयापेंड त्याच्या कित्येक पट स्वस्त.

मग अळीला कचराच का नाही घालत? कारण युरोपच्या कायद्यात अळी हे पाळीव जनावर आहे, आणि पाळीव जनावराला स्वयंपाकघरातलं उष्टं-खरकटं किंवा विष्ठा घालता येत नाही. जी गोष्ट खाण्यात अळीचा हात कुणी धरणार नाही, तीच तिच्यापासून लांब ठेवली. कायद्यामागची भीती खोटी नाही, पण त्यामुळं तिकडच्या अळीला कोंबडीशी एकाच ताटासाठी भांडावं लागतं. तिचा भुगा आज मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या महागड्या खाद्यात आणि मत्स्यशेतीत खपतो.

नैरोबीत चित्र वेगळं आहे. पूर्व आफ्रिकेत कोंबडीच्या खाद्यातलं प्रथिन म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली ओमेना, आपल्या जवळ्या-सुकटीसारखी वाळवून विकली जाणारी बारीक मासळी. तीच मासळी गरिबाच्या ताटातही असते. कोंबडीचं खाद्य करणारे कारखाने ती उचलतात तेव्हा बाजारात ती माणसाला महाग पडते. आपल्याकडं कोकणात सुकी मासळी आणि फिशमीलचं हेच होत आलंय. कोळंबीच्या खाद्यासाठी आणि निर्यातीसाठी मासळी जाते, आणि पोल्ट्रीवाल्याला मिळतो तो भुगा वाळू-मिठाची भेसळ तपासून घ्यावा लागतो. म्हणून नैरोबीच्या इसिपे या संस्थेनं, म्हणजे थॉमस ओडियाम्बो यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या कीटकविज्ञान केंद्रानं, गेल्या दशकात अळीच्या खाद्यावर सलग काम केलं. संशोधन करून ते थांबले नाहीत. सरकारी मानक संस्थेला बरोबर घेतलं. केनियात २०१७ मध्येच वाळवलेल्या कीटकांपासूनच्या पशुखाद्यासाठी अधिकृत मानक आलं. युरोपनं कोंबडीला परवानगी द्यायच्या चार वर्षं आधी.

त्याच शहरात मुकुरूसारख्या झोपडवस्त्यांत गटार नाही. तिथं सॅनर्जी नावाच्या उपक्रमानं डबेवाली शौचालयं उभी केली. भरलेले डबे उचलायचे, शहरातल्या ओल्या कचऱ्याबरोबर अळ्यांना घालायचे, अळ्या उष्णतेनं निर्जंतुक करून खाद्यासाठी विकायच्या आणि उरलेल्याचं खत करायचं. आपल्याकडं हे वाचून नाक मुरडलं जाईल, पण इथं अळीचा हिशेब बदलतो हे लक्षात घ्यायला हवं. तिचं पहिलं काम शहराची घाण उचलण्याचं आहे. प्रथिन हे त्या कामाचं उत्पन्न.

* * *

आता आपला हिशेब करू. स्वित्झर्लंडच्या ईआवाग या संस्थेनं इंडोनेशियातल्या प्रत्यक्ष अनुभवावरून २०१७ मध्ये एक हस्तपुस्तिका काढली. त्यात साधं माप दिलं आहे: ६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि १७ उंच असा एक क्रेट, त्यात पाच दिवसांच्या दहा हजार अळ्या, आणि बारा दिवसांत पंधरा किलो ओला कचरा. एक अळी साधारण ०.२ ग्रॅमची धरली तर क्रेटमधून दोन किलोच्या आसपास जिवंत अळी निघते. तिच्यात दोन-तृतीयांश पाणी. म्हणजे कोरडी साडेसहाशे ग्रॅम.

अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते. त्यातलं दहा टक्के अळीचं धरलं तर ११ ग्रॅम. दहा कोंबड्यांना बारा दिवसांत कोरडी अळी लागेल सव्वा किलोच्या थोडी वर. म्हणजे दोन क्रेट आणि रोजचा अडीच किलो ओला कचरा. एका घरातून तेवढा निघत नाही, चार-पाच घरांतून निघतो, किंवा एखाद्या भाजीवाल्याकडून. दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे जमण्यासारखं आहे. अळी वाळवायचीही गरज नाही, जिवंतच टाकायची. सोयापेंड किलोला चाळीस रुपये धरली तर दिवसाची बचत होते साडेचार रुपयांच्या आत.

आता दहा हजार कोंबड्यांचं लेअर फार्म घ्या. रोज ११० किलो कोरडी अळी हवी. त्यासाठी रोज अडीच टन ओला कचरा आणायचा, निवडायचा, दळायचा. एका वेळी दोन हजारांच्या वर क्रेट चालू ठेवायचे. पैदाशीच्या माश्यांचा वेगळा पिंजरा सांभाळायचा. आणि अळी वाळवायला इंधन जाळायचं. एवढं सगळं करून वाचणारी सोयापेंड साधारण ४,४०० रुपयांची. त्यात तिथल्या मजुरांचा रोजही नीट निघणार नाही. अडीच टन कचऱ्याच्या वाहतुकीचं तर सोडाच.

हा हिशेब मांडून पाहिला की “महिन्याला लाखो”वाल्या व्हिडिओंत काय दडलेलं असतं ते कळतं. बहुतेकदा विकलं जातं ते बियाणं, म्हणजे अंडी आणि कोष, आणि प्रशिक्षणाची फी. इमूचंही असंच झालं होतं. मांस-तेलाच्या बाजारापेक्षा पिल्लांच्या जोड्यांचा बाजार जोरात होता. सोयापेंडीच्या भावात अळीची मजुरी निघत नाही. ती कचऱ्याच्या बाजूनं निघाली पाहिजे. शहर अडीच टन ओला कचरा उचलायला, वाहायला आणि जिरवायला आज काही ना काही खर्च करतंच आहे. त्या पैशातला वाटा अळी सांभाळणाऱ्याला मिळाला, शिवाय उरलेल्या खताचे पैसे आले, तर चार हजार चारशे रुपयांचं प्रथिन ही वरकमाई ठरते. मिळाला नाही तर तो छंद आहे.

कुठला कचरा, हाही प्रश्न आहेच. कॅडमियमसारखा जड धातू अळी आपल्या शरीरात साठवते, आणि आपल्या ओल्या कचऱ्यात सेल, रंग, औषधांच्या पट्ट्या काय काय सापडतं हे कचरावेचक ताईंना विचारा. भाजीवरची कीटकनाशकं आली तर अळीच मरू शकते. साल्मोनेलासारखे जंतू अळीच्या वावरानं कमी होतात, नाहीसे होत नाहीत. अशा मिसळलेल्या कचऱ्यावरच्या अळीला तापवणं टाळता येत नाही. म्हणून घरोघरच्या मिसळलेल्या कचऱ्यापेक्षा एकाच प्रकारचा, ठरावीक ठिकाणी निघणारा माल बरा: बाजार समितीतली सडकी भाजी, टोमॅटोचा लगदा, द्राक्षाचा चोथा, बिअरच्या कारखान्यातला जवाचा चोथा. एक गोष्ट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची. पावसात भिजून बुरशी आलेला मका ही पोल्ट्रीची जुनी डोकेदुखी आहे, कारण बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कोंबडीच्या यकृतावर जातं. नेदरलँड्समधल्या चाचण्यांत या माशीच्या अळ्या अफ्लाटॉक्सिन असलेलं खाद्य खाऊन वाढल्या आणि ते विष त्यांच्या अंगात साठलं नाही. कोंबडीला देता येत नाही असा मका अळीला देता येईल का, यावर आपल्या हवामानात, आपल्या मक्यावर काम व्हायला हवं.

किती घालायची, यावर संशोधन बरंच झालंय. इटलीत तूरिन विद्यापीठाच्या चाचण्यांत ब्रॉयलरला दहा टक्क्यांपर्यंत अळी मानवली, पंधरा टक्क्यांवर आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसू लागला. नेपल्समध्ये लेअर कोंबड्यांची सोयापेंड पूर्ण काढून अळी दिली; कोंबड्यांनी कमी खाल्लं, खाल्लेल्याचा उपयोग चांगला केला, पण अंडी कमी आणि लहान आली. म्हणजे अळी सोयाबीनची जागा घेत नाही, थोडी बाजूला सारते. लातूरच्या शेतकऱ्यानं तिला घाबरायचं कारण नाही. भुग्यापेक्षा जिवंत अळीचे निष्कर्ष मला जास्त रंजक वाटले. वाखेनिंगन विद्यापीठात ब्रॉयलरपुढं दिवसातून काही वेळा जिवंत अळ्या टाकल्या, तेव्हा पक्षी जास्त हिंडले-फिरले, कमी बुजले आणि त्यांच्या पायांच्या तक्रारी कमी झाल्या. टर्कीच्या पिल्लांत एकमेकांची पिसं टोचणं घटलं. गिरिराज किंवा वनराज कोंबड्या परसात सांभाळणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. एका बचत गटातल्या ताईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अहो, कोंबडीला काम लागतं. उकरायला काही नसलं की ती दुसरीच्या मागं लागते.”

* * *

गंमत अशी की कीटकांचं प्रथिन आपल्या दारात आधीपासून आहे आणि आपण त्याकडं पाहिलेलंच नाही. रेशमाचा धागा काढण्यासाठी कोष गरम पाण्यात घालतात. धागा सुटला की आतला मेलेला किडा उरतो. वाळवलेल्या किड्यात प्रथिन पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि भरपूर तेल. कर्नाटकात रामनगर, शिडलघट्ट्याकडं हा माल मासे आणि कोंबड्यांच्या खाद्यात जात आला आहे. आसामात एरी रेशमाचे किडे माणसं चवीनं खातात. महाराष्ट्रात जालन्याला २०१८ मध्ये कोषांची बाजारपेठ सुरू झाली, मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली, गडचिरोली-भंडाऱ्याकडं टसर आहेच. इथं अळीला वेगळं खाऊ घालायचं नाही, वेगळी मारायची नाही. तुतीचा आणि पालनाचा खर्च रेशमानं आधीच दिलेला असतो. अडचण वासाची. किडा ओला राहिला की तेल खवट होतं आणि दुर्गंधी सुटते, म्हणून तो त्याच दिवशी वाळवावा लागतो आणि तेल काढलेला भुगा जास्त टिकतो. युरोपीय संघानंही नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगीच्या यादीत आठवा कीटक म्हणून रेशीमकिडा घातला. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रानं अळीच्या खाद्याची सुरुवात माशीपासून न करता रेशमाचा धागा काढणाऱ्या, म्हणजे रीलिंगच्या, भट्टीपासून करावी.

माशीला आपलं हवामान बरंचसं मानवतं. सत्तावीस-तीस अंश तिला आवडतात, म्हणजे कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात वर्षाचा मोठा भाग. पण डिसेंबर-जानेवारीत नाशिककडं थंडी पडली की पैदास मंदावते, पावसाळ्यात ऊन नसलं की माश्या जोडा जमवत नाहीत, क्रेटमध्ये पाणी साचलं की अळ्या सगळ्या बाहेर पळतात, आणि मुंग्यांना एकदा वास लागला की लहान अळ्यांचा फडशा पडतो. क्रेटच्या स्टँडचे पाय पाण्यात किंवा तेलात ठेवणं हा मुंग्यांवरचा घरगुती उपाय इथंही चालतो. वासाबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावं. कचरा कमी आणि अळ्या जास्त असतील तर वास फारसा येत नाही. उलटं झालं तर वस्तीत राहणं कठीण.

जीवहत्येचा आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. एका क्रेटमध्ये दहा हजार जीव असतात. अंडी खाणाऱ्यांनी तो प्रश्न आधीच आपल्या परीनं सोडवलेला असतो, असं म्हणून पुढं जाता येतं. पण “शाकाहारी खाद्यावरची अंडी” विकणारा व्यापारी अळी घातलेलं खाद्य वापरेल तेव्हा त्यानं खोक्यावर तसं लिहिलं पाहिजे. घेणाऱ्यानं ठरवावं.

नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि राज्यातली कृषी विद्यापीठं यांच्याकडं एकच मागणी करावीशी वाटते. एका बाजार समितीच्या आवारात वर्षभर, पावसाळा आणि थंडी धरून, अळीचा एक प्रकल्प चालवा. महाराष्ट्रात तीनशेच्या वर बाजार समित्या आहेत, सडक्या भाजीची वाण कुठंच नाही. त्या अळीत शिसं-कॅडमियम किती, कोरड्या किलोमागं खर्च किती, समितीचा कचरावाहतुकीचा खर्च किती वाचला, आणि ती खाऊन कोंबडीनं अंडी किती दिली, हे चार आकडे मराठीत छापा आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या फलकावर लावा. ते येईपर्यंत अळीच्या बियाण्यासाठी कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका. आणि घरच्या कंपोस्टच्या डब्यात त्या करड्या अळ्या दिसल्या तर चुना टाकू नका. डब्यात फक्त भाजीची देठं-सालं जात असतील, तर जवळपास कोंबड्या पाळणारं कुणी असेल त्यांना नेऊन द्या.